निन्टेंडो स्पर्धा करते की नाही? ‘ब्लू ओशन’च्या वादात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कन्सोलचा, म्हणजे घरी गेम खेळायच्या यंत्रांचा, विषय निघाला की गाडी हमखास एका वाक्याशी येऊन अडते: ‘निन्टेंडो सोनी आणि मायक्रोसॉफ्टशी स्पर्धा करतच नाही.’ कुणी ते कौतुकाने म्हणतं, कुणी पळवाट म्हणून हिणवतं. मग ‘ब्लू ओशन’, ‘डिसरप्शन’, ‘कॅज्युअल’ (फावल्या वेळात खेळणारे) हे शब्द दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वापरले जातात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. माझं मत आधीच सांगते. कंपनीचं धोरण म्हणजे तिने पैसा, माणसं आणि वेळ कुठे लावला आणि कशावर पाणी सोडलं, ते. तिच्या घोषणा आणि चाहत्यांनी लावलेली लेबलं त्यानंतर येतात. खालची उत्तरं त्याच नजरेने लिहिली आहेत.

हा वाद सुरू कुठून झाला?

२००१ साली आलेल्या निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलपासून. त्या पिढीत सोनीच्या प्लेस्टेशन २ ने १५ कोटींच्या वर मजल मारली आणि गेमक्यूब २ कोटी १७ लाखांवर थांबला. मे २००२ मध्ये हिरोशी यामाउची यांनी अध्यक्षपद सोडलं. १९४९ पासून ते त्या खुर्चीत होते. त्यांच्या जागी सातोरु इवाता आले. इवाता मुळात प्रोग्रामर. घराण्याबाहेरचा माणूस क्योतोच्या या जुन्या कंपनीच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच बसला.

जपानमधला गेमचा बाजार आटत चालला आहे, हे इवातांना दिसत होतं. गेम लांबत होते, कंट्रोलरवरची बटणं वाढत होती, आणि एकदा खेळ सुटलेला माणूस परत येत नव्हता. आपला खरा सामना लोकांच्या अनास्थेशी आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत. कंपनीचं अधिकृत उद्दिष्टही तेच ठरलं: गेम खेळणाऱ्यांची संख्या वाढवायची. २००६ च्या सुरुवातीला निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेच्या अधिकारी पेरिन कॅप्लन यांनी उघडपणे सांगितलं की कंपनीत या धोरणाला ‘ब्लू ओशन’ म्हटलं जातं. तेव्हापासून ते लेबल निन्टेंडोला चिकटलं आहे.

ब्लू ओशन म्हणजे नेमकं काय?

ही मांडणी चॅन किम आणि रेने मोबोर्न्य या इन्सेआड या व्यवस्थापन संस्थेच्या दोन प्राध्यापकांची. त्यांचं पुस्तक २००५ मध्ये आलं. जुन्या बाजारात सगळे एकाच ग्राहकासाठी एकमेकांचे लचके तोडतात, म्हणून तो समुद्र रक्ताने लाल होतो. ज्या मागणीकडे कुणी पाहिलंच नाही, ती निर्माण करणं म्हणजे निळ्या समुद्रात जाणं. इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. पण पुस्तकाचा गाभा या रूपकाच्या पुढे आहे. त्यात चार प्रश्न विचारायला सांगितलं आहे. या धंद्यात सगळे गृहीत धरतात त्यातलं काय काढून टाकायचं? काय कमी करायचं? काय वाढवायचं? आणि आजवर कुणी दिलंच नाही असं काय आणायचं?

गेमक्यूबनंतर आलेल्या निन्टेंडोच्या वी कन्सोलला हे प्रश्न लावून पाहा. हाय डेफिनिशन चित्र काढून टाकलं. डीव्हीडीवर सिनेमा पाहण्याची सोयही दिली नाही, तीही प्लेस्टेशन २ ने ती सोय घराघरांत नेल्यानंतर. प्रोसेसरची ताकद आणि बटणं कमी केली. खेळायला बसण्यातला सोपेपणा वाढवला. हाताच्या हालचालीने खेळणं नव्याने आणलं. वादात बहुतेकांना यातली पहिली दोन उत्तरं आठवतात. पुढची दोन गाळली की उरतो फक्त काटकसरीचा हिशेब.

म्हणजे निन्टेंडोने ते पुस्तक वाचून वी बनवला का?

तारखा तसं सांगत नाहीत. निन्टेंडोचा हातात धरायचा दोन पडद्यांचा डीएस नोव्हेंबर २००४ मध्येच अमेरिकेत विक्रीला आला होता. वीवरचं काम त्याच्याही आधी सुरू झालं होतं. आणि विचाराचं मूळ आणखी मागे, गुनपेई योकोई यांच्यापर्यंत जातं. योकोई निन्टेंडोचे अभियंते. १९८० चा गेम अँड वॉच आणि १९८९ चा गेम बॉय ही हातात धरून खेळायची यंत्रं त्यांच्या हाताखाली घडली. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, पुरतं समजलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते कुणी लावलं नसेल अशा जागी लावायचं, हे त्यांचं सूत्र होतं. गेम बॉयचा पडदा हिरवट आणि बेरंग होता, आणि रंगीत पडद्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना त्याने मागे टाकलं. त्याच्या बॅटऱ्या पुष्कळ जास्त वेळ चालत, हे त्याचं एक मोठं कारण.

म्हणून ‘निन्टेंडोने त्या पुस्तकातून कल्पना उचलली’ असं कुणी म्हणालं तर इतकंच सांगावं की पुस्तकाने नाव दिलं, सवय कंपनीची स्वतःची होती.

स्वस्त आणि कमजोर हार्डवेअर हेच निन्टेंडोचं धोरण नाही का?

हा सर्वांत जास्त वेळा होणारा घोटाळा आहे, आणि मला तो मनापासून खटकतो, कारण त्यात खरं कष्टाचं काम पुसलं जातं.

आधी गेमक्यूबचं पाहू. तो अमेरिकेत १९९ डॉलरला आला. त्या वेळी प्लेस्टेशन २ ची किंमत २९९ होती. गेमक्यूबची ग्राफिक्सची ताकद प्लेस्टेशन २ पेक्षा जास्तच होती. म्हणजे स्वस्तही आणि तगडाही. २००३ च्या सप्टेंबरात तर किंमत ९९ डॉलरवर आणली. तरीही तो हरला. ‘स्वस्त दिलं की निन्टेंडो जिंकते’ हे म्हणणं इथेच पडतं, आणि ‘ताकद दिली तर जिंकेल’ हेही.

आता वी. इवातांनी अभियंत्यांना सांगितलं की यंत्र डीव्हीडीच्या दोन-तीन डब्या एकावर एक ठेवल्यावर होईल एवढंच असावं. हार्डवेअर प्रमुख गेन्यो ताकेदा यांच्यापुढे चिप उद्योगाचा ठरलेला रस्ता होता: दर पिढीत आणखी वेग, आणखी वीज, आणखी उष्णता. त्यांनी तो सोडला. नव्या चिप तंत्रज्ञानाचा फायदा त्यांनी वेग वाढवण्याऐवजी वीज आणि आकार कमी करण्यासाठी वापरला. वी बंद ठेवलेला असतानाही इंटरनेटला जोडलेला राहणार होता. रात्रभर त्याचा पंखा घरघरत राहिला तर घरातली आई सरळ प्लगच काढून ठेवेल, ही काळजी डिझाइनच्या चर्चेत होती. म्हणून रात्री पंखा न फिरवता चालेल इतकी कमी वीज खाणारी व्यवस्था उभी केली.

कंट्रोलरकडेही जवळून पाहा. त्या काळचा नेहमीचा पॅड दोन्ही हातांत धरायचा असे: दोन काड्या, एक दिशापट्टी, उजवीकडे चार बटणं, वरच्या कडेला आणखी चार. ज्याने कधी गेम खेळला नाही तो माणूस हे हातात घ्यायलाच कचरतो. वीचा रिमोट पांढरा, लांबट, एका हातात मावणारा. अंगठ्याखाली एकच मोठं पारदर्शक बटण, तर्जनीखाली एक खटका. टेनिस खेळताना तर बटण शोधावंही लागत नाही, हात फिरवला की झालं. पाहुणा सोफ्यावर बसल्या बसल्या पाहतो आणि त्याला कळतं की आपल्याला काय करायचं आहे. हे ‘कमजोर’ हार्डवेअरने आपोआप घडत नाही. ते मुद्दाम घडवावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा वेळ आणि डोकं निन्टेंडोने दुसरीकडून काढून इथे लावलं.

किंमत यात आहेच. नोव्हेंबर २००६ मध्ये वी २५० डॉलरला आला, वी स्पोर्ट्स या गेमसकट. त्याच महिन्यात प्लेस्टेशन ३ ४९९ आणि ५९९ डॉलरला आला, आणि एवढी किंमत लावूनही सोनी प्रत्येक यंत्रामागे तोटा सोसत होती. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३२ अब्ज येनचा तोटा झाला. कमी किंमत ही निन्टेंडोने आधी केलेल्या निवडींची परिणती होती. तिलाच धोरण मानलं की आधी कळस मग पाया होतो.

‘आम्ही स्पर्धा करत नाही’ म्हणजे खरंच स्पर्धा नाही?

या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत, आणि वाद लांबतो तो ते सुटे न केल्यामुळे. कंपनी कुणाकडे पाहून निर्णय घेते? ग्राहक कशाऐवजी काय घेतो? आणि कायद्याच्या नजरेने बाजार कोणता? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

दुपारी एकच्या सुमारास एखाद्या चौकात वडापावची गाडी आणि थाळीचं हॉटेल शेजारी शेजारी असतात. भूक एकच आणि खिसाही एकच, म्हणून एक गिऱ्हाईक इकडे गेलं की तिकडचं कमी होतं. पण वडापाव दोन रुपयांनी स्वस्त झाला म्हणून हॉटेलवाला थाळीचा भाव उतरवत नाही. स्पर्धा आहे का? गिऱ्हाइकाच्या बाजूने थोडी आहे, मालकाच्या निर्णयांत जवळपास नाही.

निन्टेंडोबद्दल हा प्रश्न अमेरिकेच्या न्यायालयात अक्षरशः लढला गेला. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही ‘कॉल ऑफ ड्यूटी’ गेम बनवणारी कंपनी ६८.७ अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं. बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याला विरोध केला. कमिशनचं म्हणणं असं की बाजार ‘उच्च क्षमतेच्या कन्सोल’चा आहे. त्यात प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची नवी मालिका एवढेच येतात, निन्टेंडोचा स्विच नाही. मायक्रोसॉफ्टने उलट बाजू लावून धरली. स्विच याच बाजारात आहे, आपण तिसऱ्या क्रमांकावर आहोत, आणि स्विचवर कॉल ऑफ ड्यूटी नसतानाही तो कोट्यवधींनी खपला, असं त्यांनी मांडलं. म्हणजे निन्टेंडो स्पर्धेत आहे की नाही यावर प्रचंड रकमेचा व्यवहार काही अंशी लटकला होता, आणि प्रत्येक पक्षाला त्याच्या फायद्याचंच उत्तर हवं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांनी जुलै २०२३ मध्ये व्यवहार थोपवायला नकार दिला, आणि ऑक्टोबरात तो पुरा झाला.

हे प्रकरण मी वादात मुद्दाम आणते. वकिलांच्या फौजा आणि हजारो पानांचे दस्तऐवज असतानाही ‘बाजार कोणता’ यावर दोन जाणकार पक्षांचं एकमत झालं नाही. तेव्हा तीन ओळींच्या प्रतिसादात कुणी ‘स्विच कन्सोल नाहीच’ असा निकाल दिला, तर तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे ते आधी विचारावं.

वीने खरंच नवे खेळाडू आणले, की ती नुसती जाहिरात होती?

आणले. पण पुरावा नीट निवडावा लागतो. वी स्पोर्ट्सच्या ८ कोटी २९ लाख प्रती हा आकडा लोक तोंडावर फेकतात. जपान आणि दक्षिण कोरिया सोडून बहुतेक ठिकाणी तो गेम कन्सोलबरोबर डब्यातच यायचा, त्यामुळे तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. जपानमध्ये तो वेगळा विकत घ्यावा लागे आणि तरीही लाखोंनी खपला, हा जास्त वजनदार पुरावा.

त्याहून चांगला पुरावा वी फिटचा. २००७ च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेला हा गेम पायाखालच्या पाटासकट महाग मिळायचा आणि त्यात शत्रू, टप्पे, कथा यांतलं काहीच नव्हतं. तो २ कोटी २६ लाखांच्या घरात विकला गेला. डीएसवरचा बुद्धीच्या व्यायामाचा गेमही तसाच. तोहोकु विद्यापीठाचे मेंदू-संशोधक र्युता कावाशिमा यांच्या कामावर तो बेतलेला होता. असे गेम घेणारा माणूस आदल्या वर्षी प्लेस्टेशनच्या रांगेत उभा होता, असं म्हणणं अवघड आहे. आणखी एक बारीकशी खूण: पहिल्याच महिन्यात लोकांच्या हातांतून रिमोट सुटून दिवाणखान्यात उडू लागले, आणि डिसेंबर २००६ मध्ये निन्टेंडोने मनगटाच्या दोऱ्या जाड करून बदलून दिल्या. कंट्रोलर इतक्या जोराने फिरवायची सवय जुन्या खेळाडूंना नव्हती.

ते नवे लोक पुढे निघून गेले. मग धोरण फसलंच ना?

मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात वी २ कोटी ५९ लाख विकला गेला. तीन वर्षांनी हा आकडा ९८ लाखांवर आला. घसरण खरी आहे, नाकारू नये. आयफोन २००७ चा, त्याचं अॅप स्टोअर जुलै २००८ चं. दोन मिनिटं फावल्या वेळात खेळणारा माणूस खिशातल्या फोनकडे वळला. दुसरं कारण निन्टेंडोचं स्वतःचं आहे, आणि त्याबद्दल चाहते फार कमी बोलतात. शेवटच्या वर्षांत वीवर सांगण्यासारखे गेमच थोडे आले. माणसं निघून गेली त्यात त्यांच्या ‘वरवरच्या’ आवडीचा दोष किती आणि त्यांना नवं काही न देण्याचा दोष किती, हा प्रश्न मला अजून खुला वाटतो. ‘कॅज्युअल लोक निष्ठावान नसतात’ या वाक्याने मात्र तो सुटत नाही. ते वाक्य ग्राहकावर खापर फोडतं.

ब्लू ओशन की डिसरप्शन? कोणता शब्द बरोबर?

दोन्ही शब्द एकाच दमात वापरले जातात, पण दावे वेगळे आहेत. व्यवस्थापनाचे अभ्यासक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांची डिसरप्शनची मांडणी १९९७ पासूनची. तिच्यात काळ महत्त्वाचा. सुरुवातीला ‘खेळणं’ वाटणारी गोष्ट आधी न वापरणाऱ्यांकडे किंवा खालच्या गिऱ्हाइकांकडे शिरते, हळूहळू सुधारते आणि वर चढत प्रस्थापितांचे मुख्य ग्राहक नेते. ब्लू ओशनला ही चढण लागत नाही. नवी मागणी उभी राहिली की पुरे.

या कसोटीवर वी ब्लू ओशनमध्ये नीट बसतो आणि डिसरप्शनमध्ये अर्धवट. नवे लोक आले, पण वीने पुढे वर चढून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचे खेळाडू खेचले नाहीत. शेवटी प्लेस्टेशन ३ जवळपास पावणेनऊ कोटींपर्यंत पोचलाच. प्रस्थापितांनी नक्कल मात्र केली. २०१० मध्ये शरीराच्या हालचालीने खेळायला लावणारे सोनीचा मूव्ह आणि मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आले. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनबरोबर किनेक्ट सक्तीचा होता आणि किंमत ४९९ डॉलर. प्लेस्टेशन ४ ३९९ ला होता. जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने किनेक्टशिवायचा डबा काढला. दुसऱ्याच्या निळ्या समुद्राची एकच गोष्ट उचलून आणली आणि बाकी सगळं लाल समुद्रातलंच ठेवलं, तर काय होतं याचा हा चांगला नमुना.

वी यू इतका का आपटला?

वीनंतरचा २०१२ चा वी यू १ कोटी ३५ लाखांवर संपला. नावामुळे घोळ झाला, वीचंच काहीतरी जोडसामान असावं असं अनेकांना वाटलं, हे बरोबर आहे. माझ्या मते खोलवरचं कारण असं की निन्टेंडोने दोन्ही डगरींवर पाय ठेवले. मोठ्या पडद्याचा जड गेमपॅड दिला, त्यावर पुन्हा दोन काड्या आणि सगळी बटणं. नव्या माणसाला तो परत अवघड झाला. त्याच वेळी जुन्या खेळाडूंना बोलवायला इतर कंपन्यांचे मोठे गेम आणले, पण ते गेम त्यांच्या घरी आधीच दुसऱ्या यंत्रावर चालत होते. कोणासाठी काय सोडलं, याचं उत्तर या यंत्राकडे नव्हतं.

आणि थ्रीडीएसची किंमत सहा महिन्यांत उतरवली, ते?

तो लाल समुद्रच होता. डीएसनंतरचं हे हातात धरायचं यंत्र २५,००० येनला आलं, ते ऑगस्ट २०११ मध्ये १५,००० ला केलं. आधी घेणाऱ्यांना वीस जुने गेम फुकट दिले. इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला. त्या आर्थिक वर्षात कंपनीला परिचालन तोटा झाला. अखेर थ्रीडीएस साडेसात कोटींच्या वर विकला गेला, म्हणजे घाव वर्मी लागला नाही. ‘निन्टेंडो किमतीची लढाई करत नाही’ असं ठामपणे म्हणणाऱ्यांना हा प्रसंग दाखवावा.

स्विच ब्लू ओशन होता का?

पूर्ण नाही, आणि तो तसा नव्हता म्हणूनच टिकला असं मला वाटतं. मार्च २०१७ मध्ये तो आला तो झेल्डा या जुन्या साहसी मालिकेतल्या एका मोठ्या गेमसह, म्हणजे हाडाच्या खेळाडूंना आधी हाक मारली. नव्याने दिलं ते एवढंच की टीव्हीवरचा गेम उचलून बसमध्ये, बिछान्यात, मित्राच्या घरी न्यायचा. त्याची तयारी कंपनीच्या आत आधीच झाली होती. २०१३ मध्ये हातातल्या आणि घरातल्या यंत्रांचे हार्डवेअर विभाग एक केले, २०१५ मध्ये गेम बनवणारे विभाग एकत्र आणले. दोन यंत्रांसाठी वाटले जाणारे गेम एकाच यंत्रावर येऊ लागले आणि वीच्या शेवटच्या वर्षांतला दुष्काळ टळला. या खातेबदलाबद्दल कुणी भांडत नाही, कारण त्यात घोषणा नाही. मला मात्र तोच स्विचच्या यशाचा पाया वाटतो.

नवा माणूस नंतर आला. मार्च २०२० मध्ये अॅनिमल क्रॉसिंग हा निवांत गेम आला, तेव्हा जग घरात कोंडलेलं होतं, आणि तो साडेचार कोटींच्या पुढे गेला.

कंपनीचे अधिकारी जे बोलतात ते पुरावा म्हणून धरावं का?

अर्धंच. प्रत्येक अध्यक्ष गुंतवणूकदारांसमोर जे सांगतो ते कुणाला तरी पटवण्यासाठी सांगतो. पण शब्द बदलतात तेव्हा जरूर लक्ष द्यावं. मार्च २०१५ मध्ये इवातांनी डीएनए या मोबाइल कंपनीशी करार जाहीर केला. इवाता त्याच जुलैमध्ये गेले. त्या सुमाराला निन्टेंडोचं अधिकृत सूत्रही बदललं. ‘गेम खेळणाऱ्यांची संख्या वाढवणं’ मागे पडलं आणि निन्टेंडोच्या पात्रांशी संबंध येणाऱ्या लोकांची संख्या वाढवणं पुढे आलं. फोनवरचे गेम, २०२१ मध्ये ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओत उघडलेलं उद्यान, २०२३ चा मारिओ चित्रपट, हे सगळं त्या दुसऱ्या सूत्रातून आलं आहे. तरी आजही कुणी निन्टेंडोच्या धोरणावर बोलायला लागलं की २००६ ची भाषा काढतं. इतक्या वर्षांपूर्वीच्या घोषणेवर आजच्या कंपनीला तोलणं हा तिच्यावरही अन्याय आहे आणि वादावरही.

विक्रीच्या आकड्यांवर भांडताना काय सांभाळावं?

निन्टेंडोचे आकडे बहुधा दुकानांकडे पाठवलेल्या मालाचे असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून कन्सोलची विक्री सांगणंच थांबवलं, आणि २०१७ मध्ये गेम पास ही वर्गणीवर गेम देणारी योजना आल्यावर वर्गणीदारांची भाषा सुरू केली. तिघांचे तक्ते एका ओळीत मांडून ‘हा जिंकला’ म्हणणाऱ्याने आधी कोण काय मोजतो ते सांगावं.

आपल्याकडे याचा काय संबंध?

आपल्यातल्या पुष्कळ जणांना मारिओ भेटला तो टीव्हीला जोडायच्या नकली व्हिडिओ गेमवर. कॅसेट अडकली की तिच्यात फुंकर मारून पुन्हा लावायची, हे सगळ्यांना आठवत असेल. त्या विक्रीतला पैसा निन्टेंडोकडे गेला नाही. पुढे स्विच घेणाऱ्याने तो बहुतेक परदेशातून आलेल्या मालातूनच घेतला, लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकाकडून. त्यामुळे २५० डॉलर ‘स्वस्त’ होते की नाही हे अमेरिकेच्या संदर्भात ठरवावं. इथे २०१६ मध्ये जिओ आल्यावर ज्यांनी कधी गेम खेळला नव्हता असे लोक फोनवर खेळू लागले. इवातांना हवे असलेले न खेळणारे लोक आपल्याकडे कन्सोलविनाच खेळायला आले.

स्विच २ महाग आणि तगडा आहे. म्हणजे निन्टेंडोने जुनं धोरण सोडलं?

जून २०२५ मध्ये तो ४५० डॉलरला आला. त्याच्याबरोबरचा मारिओ कार्ट वर्ल्ड सुटा घेतला तर ८० डॉलर. पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त यंत्रं खपली. १२० हर्ट्झचा पडदा, टीव्हीवर ४के चित्र, पहिल्या दिवसापासून सायबरपंक २०७७ हा दुसऱ्या कंपनीचा जड गेम. ही यादी २००६ मध्ये कुणी सोनीची म्हणूनच ओळखली असती. विद्यमान ग्राहकाला तीच गोष्ट जास्त चांगली करून देणं, हे या यंत्राचं काम आहे. ख्रिस्टेन्सन याला टिकवून धरणारी सुधारणा म्हणाले असते. यात कमीपणा नाही. १५ कोटींच्या वर स्विच ज्यांच्या घरी आहेत त्यांना पुढे नेणं हाही रास्त निर्णय आहे.

पण निवडीची किंमत असते, आणि ती कुठे दिसेल ते सांगता येतं. पहिलं कन्सोल म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी घेण्याजोगं स्वस्त यंत्र कंपनी विक्रीत ठेवते का, ते पाहा. पुढच्या काही वर्षांत वी फिटसारखा, कुठल्याच जुन्या मालिकेत न बसणारा गेम किती येतात, ते मोजा. आणि चित्रपट पाहून मारिओ आवडलेली मुलं कन्सोलपर्यंत पोचतात की फोनवरच थांबतात, त्याचे आकडे कंपनी देते का, यावर डोळा ठेवा.